चार अण्णांपैकी एक

मी शाळेत मराठी व्याकरण शिकवत असे, आणि बायकोच्या काकांना आणायला जाऊन भलत्याच गृहस्थांना घरी घेऊन आलो.

काका गडहिंग्लजच्याही पलीकडचे, कर्नाटकाच्या सीमेवरचे. लग्नात फेटा बांधायचा राहिला म्हणून मांडवातूनच रुसून गेले (मी त्यांची फक्त पाठ पाहिली!), आणि तेव्हापासून बायकोला माहेरी पाय ठेवायची चोरी. दोन वर्षांनी स्वारी यायला कबूल झाली. "धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा," एवढी खूण सांगून बायको मटण आणायला गेली.

स्टँडवर निम्मी गर्दी धोतर-टोपी-मिशांचीच! मी चौकशीच्या खिडकीशी गेलो.

"पावण्यांचं नाव सांगा," आतला म्हणाला.

"अण्णा."

"ते झालं घरातलं. खरं नाव?"

रोज फळ्यावर विशेषनामाची दहा उदाहरणं लिहिणारा मी पुन्हा म्हणालो, "अण्णाच!" कानडीत थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, म्हणून धाकटे भाऊ त्यांना अण्णा म्हणायचे. मग मुलं, सुना, सगळा गाव म्हणू लागला. खरं नाव मलाच काय, कुणालाच कधी लागलं नव्हतं.

शेवटी भोंग्यावरून पुकारा झाला, "अण्णा, तुमास्नी न्यायला जावई आल्यात!" चार अण्णा धावत आले. तिघे माझं तोंड पाहून परत फिरले.

चौथे म्हणाले, "न्यायला तिकडचं जावई येणार असा निरोप हाय मला. चला!"

बायको यायच्या आत मी त्यांना पाटावर बसवलं, फेटा बांधला, पाया पडलो. अण्णा खूश.

"मानपान झ्याक हाय की! आता पोरगी दावा."

तेवढ्यात बायको दारात आली. मी ऐटीत म्हणालो, "ही बघा तुमची पोरगी!"

मंगळसूत्र दिसताच अण्णा ताडकन उठले. "लगीन झालेली पोरगी दावताय व्हय आमच्या पोराला?"

मटणाची पिशवी छातीशी धरून बायको म्हणाली, "अहो, हे कोण?"

तोच रिक्षा थांबली. धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा! आपला फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर पाहून खरे अण्णा पुन्हा पाठ फिरवू लागले. मी रस्त्यातच त्यांचे पाय धरले.

"चुकलो अण्णा! तुमचं नावच ठाऊक नव्हतं!"

अण्णा थबकले, मग खो खो हसले. "मला तरी तुमचं कुठं ठावं हाय! एसटीतनं उतरल्यापास्नं 'आमचं जावई बघितलं काय' म्हणत गावभर हिंडतोय. शेवटाला मास्तरांचं घर इचारत आलो."

माझा जीव भांड्यात पडला. (पहिल्या अण्णांना त्याच रिक्षात बसवलं. फेटा परत मागायची हिंमत झाली नाही.)

घरात येऊन अण्णांनी विचारलं, "पोरी, नाव काय गं ह्यांचं?"

बायकोनं पदर सावरला, मान खाली घातली आणि लाजत म्हणाली, "आमचे हे."

स्वतःच्याच घरात मी विशेषनाम नव्हतो, सामान्यनामही नव्हतो. दोन वर्षं मी नुसतं सर्वनाम होतो!