मातीच्या बैलाची गाडी

बैल थांबला. कान ताठ, मान वर. शेजारी उभे असलेले माझे मालक म्हणाले, "सोड." मी सोडलं नाही. माझ्या हातात साबणाची डबी होती, डबीवर एक बटण होतं. ते दाबून धरलं की समोरची पत्र्याची छोटी गाडी चालायची, सोडलं की थांबायची. मधे तार नाही, दोरी नाही. गाडीवर मी केलेला मातीचा बैल बसवला होता आणि पोळ्याच्या मिरवणुकीत, मारुतीच्या पारासमोर, ती बाजूनं आडवी खऱ्या बैलांच्या पुढ्यात निघाली होती. "अगं सोड, बुजतोय त्यो," मालक पुन्हा म्हणाले. अंगठा मी तसाच ठेवला. गाडी आणखी तीन-चार हात गेली, मानाच्या बैलाच्या पायाशी पोचली, आणि बैल उधळला.

बैल थोरल्या दिरांचा. कासरा त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. पोळ्याला आमच्याकडं सगळेच तसा धरतात. त्या दिवशी हातातून कासरा सुटला तर गाव वर्षभर नाव ठेवतं. त्यामुळं दिरांना तो सोडताच आला नाही. बैलानं त्यांना पारापासून ओढ्यापर्यंत फरपटत नेलं. वाटेत दगडाचा बांध होता, त्यावरूनही नेलं. ओढ्याच्या काठाला माणसांनी बैल अडवला, एकानं कोयत्यानं कासरा तोडला. दिरांचा उजवा हात खांद्यातून उलटा फिरला होता आणि मनगटावरची कातडी कासऱ्याबरोबर निघून गेली होती. मी पाराशीच उभी होते. गाडी थांबली होती, कारण आता मी बटण सोडलं होतं.

ऐंशी सालाच्या आगेमागे घडलेली ही गोष्ट. माझे मालक पौडला एस.टी. थांब्याजवळच्या एका टपरीत रेडिओ दुरुस्त करायचे. शेतीत त्यांचं मन नव्हतं, ते त्यांनी कधी लपवलंही नाही. आदल्या वर्षी भावाभावांत वाटणी झाली, तेव्हा दोन्ही बैल थोरल्या दिरांकडं गेले. ते बरोबरच होतं, नांगर तेच धरत होते. मला मात्र ते लागलं. बैल नसलेल्या घरात पोळ्याला मातीचे बैल पुजतात. लग्न होऊन आल्यापासून मी खऱ्या बैलांचे पाय धुतले होते.

गाडी काही पोळ्यासाठी केलेली नव्हती. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं परदेशातून आणलेलं तसलं खेळणं बिघडून मालकांकडं आलं होतं. ते त्यांनी उघडलं, आठवडाभर ठेवून घेतलं आणि आतलं सगळं कागदावर उतरवून काढलं. मग पाऊस लागायच्या आधीपासून घरी जुळवाजुळव सुरू झाली. मोटार मोडक्या टेपरेकॉर्डरमधली. दातेरी चाकं गजराच्या घड्याळातली. बाहेरची चाकं माझ्या जुन्या सपातांची, फुलपात्र उपडं ठेवून गोल आखलेली आणि चांभाराच्या रापीनं कापलेली. आस म्हणजे सायकलचे आरे. खालचा पत्रा तुपाच्या डब्याचा. गाडीचा कान म्हणजे एका मेलेल्या रेडिओचं पोट, आणि साबणाच्या डबीत दुसऱ्या रेडिओचं. दोन्हींवर ओढून लांब होणाऱ्या दांड्या होत्या.

तांब्याची बारीक तार पेनाच्या नळीवर गुंडाळायचं काम माझं. वेढा वेढ्याला लागून बसला पाहिजे, वर चढता कामा नये. त्यांची बोटं जाड, माझी तांदूळ निवडून सरावलेली. चार वेळा गुंडाळली, चार वेळा त्यांनी उसवायला लावली.

"तुमीच गुंडाळा मग," मी म्हटलं.

"मला जमलं असतं तर तुला कशाला हाक मारली असती?"

पाचव्या वेळी जमली. गाडी अंगणात पहिल्यांदा चालली तेव्हा कोंबड्या ओरडत माळ्यावर चढल्या आणि मी तोंडाला पदर लावून हसले. शेजारचे बाप्ये बघायला जमले.

"काय रेडिओवाले, हिच्यात बातम्या लागत्यात का नुसतीच पळती?"

"आधी पळू द्या," मालक म्हणाले, "बातम्या तुमी हायेतच की गावभर सांगायला."

गाडी नुसती सरळ जायची. वळवायची तर पुढचं चाक हातानं फिरवून ठेवावं लागे. त्यांना ते खटकत होतं, दिवाळीपर्यंत जमवतो म्हणत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावतात. मी दरवर्षीसारखी हळदीची वाटी घेऊन दिरांच्या गोठ्यात गेले. वाटणी झाली म्हणून काय झालं, असं मनात धरून गेले. गोठ्यात चार बायका होत्या. थोरली जाऊ म्हणाली, "काय गं धाकले, हितं कुटं? तुझ्या बैलाला लाव की हळद. जपून लाव पर, पाण्यानं इरघळायचा." बायका हसल्या. जाऊ तोंडाळ होती, पण वाईट नव्हती. माझ्या बाळंतपणात तिनंच माझं केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती हे विसरूनही गेली असती. मी विसरले नाही.

घरी येऊन मी वीतभर उंचीचा मातीचा बैल केला, चुलीच्या उबेला वाळवला, त्याची शिंगं रंगवली आणि मालकांना म्हटलं, "हा गाडीवर बसवा. उद्या मिरवणुकीत मानाच्या बैलाच्याही पुढं आपला बैल चालंल."

"वेडी हायेस का? जनावरं बुजत्यात."

"ताशाला बुजत न्हाईत, हलगीला बुजत न्हाईत, मातीला बुजत्यात व्हय?"

"ताशाच्या मागं माणूस दिसतो त्यांला. हिच्यामागं कुणी न्हाई."

ते बरोबर बोलत होते. मी पोळ्याच्या सकाळी पुरणाचं ताट वाढलं आणि एक शब्द बोलले नाही. दुपारपर्यंत बोलले नाही. शेवटी त्यांनी मातीचा बैल बारीक तारेनं पत्र्याला आवळला. म्हणाले, "चाक सरळ करायला मला वाकावं लागंल, डबी तू धर. पर मी सोड म्हणलं की सोडायचं. इचारायचं न्हाई, सोडायचं."

"बरं," मी म्हटलं.

पारासमोर गाडी निघाली तसे सगळे हसायला लागले, पोरं नाचायला लागली. मालक चाक सरळ करून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. जाऊ पाराच्या पायरीवर आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. ती हसत नव्हती. तेच मला हवं होतं. मालकांनी पहिल्यांदा सोड म्हटलेलं मला ऐकू आलं. दुसऱ्यांदाही आलं. बैलाचे कान मला दिसत होते. जावेनं आणखी थोडं बघावं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

दिरांना दुधाच्या टेम्पोत घालून पुण्याला न्यायचं ठरलं. टेम्पो येईपर्यंत ओढ्याकाठी सगळं गाव गोळा झालं होतं. कुणीतरी विचारलं, "थांबविली का न्हाई ती गाडी?" मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "आतली मोटार बंद करायची पट्टी चिकटली. हिनं बटण सोडलं व्हतं, गाडी थांबली न्हाई. माझ्या कामातच खोट."

जाऊ त्यांच्या अंगावर धावून गेली. "भावजी, भावाचा जीव घेतलास रं खेळण्यापायी!" असं म्हणत तिनं त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. त्यांनी मारू दिल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मग ते भावाला मांडीवर घेऊन टेम्पोत बसले आणि गेले.

पाचव्या दिवशी कपडे न्यायला ते घरी आले. हात कापावा लागला होता, ताप उतरत नव्हता, डॉक्टर काही सांगत नव्हते. मी विचारलं, "पट्टी चिकटली न्हवती. खोटं का बोलला?"

ते म्हणाले, "तुला हितं ऱ्हायचंय. एकाच पाणवठ्यावर. मला काय, मी सकाळी उठून पौडला जातो." एवढं बोलून त्यांनी गाडी घेतली, परसात नेली आणि दगडानं ठेचली. मातीचा बैल त्याआधीच पायदळी गेला होता.

पौडला जायचंही फार दिवस राहिलं नाही. दिरांचा उजवा हात गेला, मग नांगर कोण धरणार? टपरी बंद करून मालकांनी दोन्ही घरांची शेती ओढली. ज्यांना चिखलात उभं राहणं आवडत नव्हतं, ते मरेपर्यंत भातखाचरांत राबले. त्याच बैलाला घेऊन राबले, कारण दिरांनी बैल विकू दिला नाही. जनावराचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. गावात मालकांना बरीच वर्षं 'भावाचा हात तोडणारा' म्हणत. माझ्या देखत म्हणत. मी पाण्याचा हंडा उचलून चालू लागत असे.

एकदा लावणीच्या दिवसांत दीर बांधावर बसले होते. मी भाकरी घेऊन गेले होते. ते मला म्हणाले, "त्याला सांग, मनाला लावून घिऊ नगं. यंत्राचं कुणी काय सांगावं? चिकटली तर चिकटली पट्टी."

मालक पलीकडच्या खाचरात होते, त्यांना ऐकू जात नव्हतं. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. मी म्हटलं, "व्हय दादा." आणि भाकरीचं फडकं सोडलं.

मालक आता नाहीत. दीरही म्हातारे होऊन गेले. मालक जायच्या आधी मी त्यांना एकदा म्हटलं होतं, आता जाऊन सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, "आता कशाला? माझं झालं की करून." मी तेही ऐकलं, कारण ते सोयीचं होतं.

जाऊ अजून आहे. तिला वाचता येत नाही, पण तिच्या घरात वाचणारे आहेत. हे लिहिलेलं कुणी तिला वाचून दाखवलं तर दाखवू दे. पट्टी चिकटली नव्हती. बटण मी दाबून धरलं होतं.

त्या पोळ्याला कुणी मेलं नाही. थोरले दीर अठरा दिवस तापात होते, एकोणिसाव्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं पेज प्यायली आणि ते जगले.