सारसाच्या घरट्याची जागा

रामदासभाऊंनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

देवकामावशी काल गेल्या. त्यांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात, तलावाखाली त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. मी गोंदियात मोबाईलचं दुकान चालवतो आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे फिरतो.

पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी त्यांच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पालथा पडून बगळ्याचा फोटो काढत होतो.

"पडला का गा बापू?"

"नाही मावशी, फोटो काढतोय."

"बगळ्याचा? काऊन, त्याले का झालं?"

मग घरी नेऊन चहा पाजला. तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडावर माझी एक चक्कर ठरलेली.

चार वर्षांपूर्वी अश्विनात त्यांचा फोन आला. आवाज एकदम हळू, जणू पक्षी ऐकतील.

"बापू, माह्या बांधीत सारस बसले. दोन अंडे हायेत. तू एकटाच ये. कोनाले सांगू नोको."

मी गेलो. सलग तीन रविवार गेलो.

सकाळचं धुकं, लोंब्यांवर दव, आणि उभ्या धानाच्या मधोमध ती एवढी मोठी मादी शांत बसलेली. नर बाजूला पहाऱ्यावर. मी लांब पळसाच्या झाडामागे, मोठी लेन्स लावून.

शेजारची बांधी रामदासभाऊंची. मावशी त्यांना दर भाऊबीजेला ओवाळायच्या. सख्खे नव्हते, पण गावात कोणी तसं म्हटलं असतं तर मावशी भांडल्या असत्या. सारस बसल्यापासून रामदासभाऊंनी कापणीच्या बायांनाही त्या धुऱ्यावरून जाऊ दिलं नव्हतं. "लांबून जा न बाई, दोन पावलं जास्त चालसान तं का मरसान?"

एका शुक्रवारी मावशींचा फोन आला, एक अंडं फुटलं. दुकान बंद ठेवून धावलो.

तो फोटो तुमच्यापैकी खूप जणांनी पाहिलाय. मादीच्या पंखातून बाहेर आलेलं ओलं, पिवळट डोकं.

संध्याकाळी पोस्ट केला. गावाचं नाव टाकलं नाही. स्वतःवर खूश होतो.

लाइक येत गेले. मग इनबॉक्समध्ये एका मोठ्या फोटोग्राफरचा मेसेज आला. नाव सांगत नाही, त्यांना दोषही देत नाही. त्यांनी माझा एखादा फोटो पाहावा, म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

"अप्रतिम. लोकेशन मिळेल?"

मी पाच मिनिटं थांबलो. खरं सांगतो, पाचच. मग लोकेशन पाठवलं. खाली लिहिलं, प्लीज कोणाला देऊ नका.

रविवारी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, सात गाड्या उभ्या होत्या. लोक बूट घालून धानात उतरले. कोणीतरी ड्रोन उडवला.

मी तिथे नव्हतो. हे सगळं मावशींनी फोनवर सांगितलं. जोडपं पिल्लाला घेऊन तलावाकडे निघून गेलं. त्या पिल्लाचं पुढे काय झालं, कोणालाच कळलं नाही. दुसरं अंडं घरट्यातच राहिलं. कावळे येऊ नयेत म्हणून मावशी दिवसभर काठी घेऊन उभ्या होत्या. जोडपं परतलं नाही.

"बापू, अंडं थंडं पडलं रे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोनं सांगतलं असन त्याह्यले? मले त रामदासवर शक येते. त्याच्या पोराचा ढाबा हाये सडक अर्जुनीले. गाडीवाले तिथंच जेवतेत. बोलला असन."

तेव्हा मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "असू शकते."

त्या वर्षी भाऊबीजेला मावशींनी दार लावून घेतलं. रामदासभाऊ अंगणात उभे राहून परत गेले. पुढच्या वर्षी आलेच नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नाला मावशी गेल्या नाहीत. एकमेकांच्या बांधीत राबणारी ही दोन घरं एका धुऱ्यावर पाठ फिरवून काम करू लागली.

आणि मी जातच राहिलो. चहा पीत राहिलो. "तू त आपला मानूस," हे ऐकत राहिलो.

मागच्या वर्षी एकदा हिंमत केली. "मावशी, त्या सारसांचं..."

"जाऊ दे न बापू. त्या गोष्टीनं जीव जळते."

मी लगेच गप्प बसलो. मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्या सुटकेचीच जास्त लाज वाटते.

आठ दिवस ताप होता म्हणे. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं.

काल घाटावर रामदासभाऊ आले होते. बोलले कोणाशीच नाहीत, नुसती लाकडं वाहत होते. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो.

"भाऊ, ती जागा मी सांगितली होती."

ते माझ्याकडे वळले.

"तिले सांगतलं होतंस?"

"नाही."

"मंग आता मले कायले सांगून राहिला? मी त नव्हतं सांगतलं, हे मले मालूमच होतं."

मी हात जोडले.

"गावाले सांग. माह्या पोराले चार वर्षं झाले, लोक तोंडावर बोलतेत. त्याह्यले सांग."

आणि खांद्यावरचा दुपट्टा झटकून पाळीवरून निघून गेले.

म्हणून हे लिहिलं. गावातल्या ज्याच्या मोबाईलवर पोचेल, त्याने चौकात मोठ्याने वाचून दाखवावं. माझ्या नावासकट.

मावशी, तुमचा भाऊ तुमच्यापासून तोडला तो मी. माफी मागायला तुम्ही हयात होता तेव्हा यायला हवं होतं.

माझा शेवटचा नमस्कार घ्या.