तारपेवाल्याची चाल

बोर्डीहून तलासरीच्या शाळेत शिकवायला जायचो, तेव्हा सकाळच्या एसटीत तो वारली माणूस रोज दिसायचा. पोलिओने आखडलेला एक पाय, हातात काठी, खांद्याला फडक्यात गुंडाळलेला, फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा. अपंगांच्या राखीव सीटवर कुणीतरी इस्त्रीच्या कपड्यातला बसलेला असायचा, आणि कंडक्टर यालाच म्हणायचा, "ए, मागे सरक!"

एकदा तो सरकला नाही. शांतपणे म्हणाला, "वारल्याचा पाय अधू झाला, तर त्याला सीट नाय का, साहेब?"

इस्त्रीवाला उठला. हा बसला, मांडीवर तारपा घेऊन, लेकरू घ्यावं तसा. उतरताना मला म्हणाला, "भात पिकलं का नाचाला या, गुरुजी."

गेलो. काठी कुडाला टेकवून तो अंगणाच्या मधोमध लंगडत तारपा वाजवत होता. त्याच्यामागे कमरेत हात गुंफलेली माणसं, बाया, पोरी. सगळ्यांचं एक पाऊल लांब, एक आखूड, अगदी त्याच्यासारखं.

आता पुण्यात असतो. बसमधली राखीव सीट दिसली की ते अंगण आठवतं. मलाही त्यांनी साखळीत ओढलं होतं. तिथे सरळ चालणारा मी एकटाच होतो, आणि पाय माझाच चुकत होता.