रॉकेल, उवा आणि आतले आजोबा

आमच्या घरात उवा नाहीत, हे वहिनीनं सोसायटीच्या ग्रुपवर लेखी कळवलं होतं.

त्याचं काय झालं, समोरच्या भाभीच्या मुलीच्या डोक्यात ऊ दिसली. लगेच वहिनीचा मेसेज: ‘ज्यांच्याकडे उवा आहेत त्यांनी मुलांना खाली खेळायला पाठवू नये. आमच्या परीला आम्ही रोज शाम्पू लावतो.’ खाली हात जोडलेले.

त्याच आठवड्यात परी डोकं खाजवायला लागली. पाठोपाठ मी. (पुतणी माझ्याच उशीवर लोळून मोबाईल बघते. आणि माझे केस खांद्यापर्यंत. मिमिक्रीवाल्याला हेअरस्टाईल लागते, असं माझं मत. दादाचं मत इथं लिहिण्यासारखं नाही.)

“मेडिकलमधून औषध आणतो,” मी म्हटलं.

“खालच्या मेडिकलमधून?” वहिनी म्हणाली. “म्हणजे संध्याकाळी ग्रुपवर.”

पुढच्या स्टेशनला, सीवूड्सला जाऊन आणता आलं असतं. पण वहिनीकडे तिच्या आईनं गावाहून दिलेली रॉकेलची बाटली होती. अख्ख्या नेरूळमध्ये पाईपचा गॅस, आणि आमच्या सिंकखाली रॉकेल.

“आधी तुमच्या डोक्याला लावू, भावजी. परी लहान आहे.”

म्हणजे प्रयोगाचा उंदीर ठरला.

रॉकेल चोळलं, वर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर टॉवेल. आधी गार वाटलं. मग टाळूवर कुणीतरी ठेचा वाटायला बसलं. मी हॉलभर नाचायला लागलो.

“वहिनी, खिडकी उघडा.”

“नको, वास बाहेर जाईल.”

वास काय वहिनीचं ऐकतोय? तो दाराखालून निघून जिन्यानं फिरायला गेला.

थोड्या वेळानं शिट्टी वाजली. आमचे सेक्रेटरी पाटील काका, मूळचे सारसोळे गावातले, माईक नसला तरी चालतो असा आवाज. “गॅस लीक झालाय! सगल्यांनी खाली चला, लिफ्ट कोन वापरू नका!”

“आपण नाही जायचं,” वहिनी कडी धरून म्हणाली. “आपल्याबरोबर वास पण खाली येईल.”

दारावर थापा. “कोन हाय का आत?”

वहिनीनं डोळ्यांनीच सांगितलं, गप्प. पण गप्प बसणं मला शाळेपासून जमत नाही. माझा आवाज ओळखू येऊ नये म्हणून मी म्हातारा लावला, खोकल्यासकट. “घरात कोनी नाही रे बाबा...”

मग काका ओरडले, “अरे, म्हातारा एकटाच हाय आत! गॅस चढलाय त्याला, काय बोलतोय बघा! पहार आना!”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. “मारा आता त्या म्हाताऱ्याला.”

मी आज्ञाधारकपणे दोनदा खोकलो आणि गप्प झालो.

“गेला वाटतं,” बाहेर कुणीतरी म्हणालं. एक बाई हुंदके द्यायला लागली. (आमच्याकडे आजोबा नाहीत, तरी!)

पहारेचा पहिला घाव नव्या दारावर बसला आणि वहिनीनं कडी काढली. बाहेर काका, वॉचमन आणि अर्धी विंग.

“आजोबा कुटं हायत?”

सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. डोक्याला पिशवी, डोळ्यांतून पाणी. काकांनी पुढं येऊन माझं डोकं हुंगलं. “हा तर रॉकेलचा वास.”

गर्दीतून समोरची भाभी पुढं आली. आवाज एकदम गोड. “वहिनी, शाम्पू कुठला वापरता हो?”

डॉक्टरांनी आधी आम्हाला झापलं, मग परीला साधं लोशन आणि बारीक फणी दिली. तिचे केस शाबूत. माझ्या टाळूला फोड आले होते, त्यामुळे सरळ गोटा. उवांचं तेवढं मिटलं, त्यांना घरच राहिलं नाही.

परवा सोसायटीच्या कार्यक्रमात काकांनी माईकवरून पुकारलं, “आता मिमिक्रीला येतायत, आपले आतले आजोबा.” मी स्टेजकडं निघालो. वाटेत एक नवीन भाडेकरू बाई उठल्या, माझ्या टकलाकडं बघून त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं केली आणि म्हणाल्या, “बसा काका, सावकाश.”