जगताप काकांची रेकी

अमेरिकेत, टेक्ससमधल्या शुगर लँडला आमच्या शेजारी, लेकाकडे राहायला आलेले निवृत्त सुभेदार जगताप काका कुठल्याही दुकानात दोनदा जायचे. पहिल्यांदा काहीच घ्यायचे नाहीत. दारं मोजायची, दुधाचा कोपरा वहीत टिपायचा आणि ताठ मानेनं परत यायचं.

"ही रेकी," ते मला सांगत. "गोरा गेला, पण शब्द पलटणीत ठेवून गेला. शत्रूच्या मुलखात आधी गुपचूप बघून यायचं. रेकीत गोळी झाडायची नाही, इंजिनिअर!"

"पण काका, घरी दूध संपलंय!"

"संपू दे. शिस्त संपता कामा नये."

माझ्या बायकोला, नीलाला, सातवा लागला. पहिलं बाळंतपण, दोघांच्याही आया भारतात, आणि मी असा शूर की डॉक्टर आधी मलाच खुर्ची द्यायचे. काकांनी हॉस्पिटलची रेकी सुरू केली. टेक्ससच्या उन्हात, सायकलवरून! मागच्या दाराचा नकाशा काढताना एका पोलिसानं त्यांना हटकलं. फोन आला तसा मी धावलो. काका अटेन्शनमध्ये उभे.

"आय अ‍ॅम डूइंग रेकी!"

पोलिसाला काही कळेना. काकांनी नकाशावर रस्ता दाखवला, जिना दाखवला, हवेत नीलाचं पोट काढून दाखवलं. पोलीसही जुना फौजी निघाला. त्याचा चेहरा उजळला. "ओह, रेकॉन!"

काका माझ्याकडे वळले. "बघ, माल तोच. ह्यांच्या फौजेनं नुसता शिक्का बदललाय."

मग दोन फौजी बॉनेटवर नकाशा पसरून रमले. पावसात तुंबणाऱ्या अंडरपासवर पोलिसानं स्वतः लाल फुली मारली.

नवव्या महिन्यात, भर दुपारी आभाळ फाटलं आणि नीलाला कळा सुरू झाल्या. मी सवयीनं गाडी अंडरपासकडे घेतली.

"डावीकडे!" मागच्या सीटवरून काका गरजले. "तिकडं बुडशील, गाढवा!"

लांबच्या, पण कोरड्या रस्त्यानं आम्ही मागच्या दाराशी पोचलो. "हाय, सुबेदार!" म्हणत नर्सनी नीलाला आत नेलं. मी गाडी लावून पुढच्या दारानं शिरलो आणि कॉरिडॉरमध्ये असा हरवलो, की पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

दाराशी काकांनी कडक सॅल्यूट ठोकला. "मुलगी. दोघी सुखरूप." आणि एकदम बाकावर बसले.

"माझी तीन पोरं झाली. तिन्ही वेळेला मी बॉर्डरवर. महिन्यानं पत्र यायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिलं रडणं आज ताजं ऐकलं, बाबा. जा आत. बाहेर मी आहे."