कानसेनांनी बसवलेली काच

आमच्या ह्यांना गल्लीत कानसेन म्हणतात. गाण्याबिण्याशी ह्यांचा काडीचा संबंध नाही, आंघोळ करताना गायला लागले की मी रेडिओ मोठा करते. पण एखादी गाडी नुसती दारावरून गेली तरी हे सांगायचे, मागच्या चाकाचं काम निघालंय, फार तर आठवडा काढील. आणि आठव्या दिवशी ती गाडी लोक ढकलत आणताना दिसायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही ह्यांची पद्धत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग स्वतःची एक जुनी घेतली आणि गल्लीतल्या पाच मुलांना शाळेत न्यायला-आणायला लागले. ह्याशिवाय ह्यांना दुसरं काही येत नाही. अंडं उकडायला सांगितलं तर पाणी घालायचं विसरतील.

त्या गाडीच्या मागच्या दाराची काच वाजायला लागली. मुलं रोज म्हणायची, काका, काच वाजते. हे म्हणायचे, हो हो, पोचलोच. मुलांना वाटायचं काका गंमत करतात.

मला तसं वाटत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, आणि हे कुकरपासून दोन हातांवर स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मी गच्चीवरून धावत आले तर आतलं सगळं करपलेलं. माझ्या तोंडाला सगळी गल्ली घाबरते, पण त्या दिवशी मी गॅस बंद केला आणि मुकाट्यानं भांडं घासायला घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलले असते तर ह्यांना गाडी सोडावी लागली असती, आणि गाडी सोडून हे दिवसभर घरात कसे बसतील हा विचारच माझ्याच्यानं होईना. मग मी समोर उभी राहून, मोठ्यानं बोलायला लागले. शेजारीण म्हणाली, तुझा आवाज फार चढलाय हल्ली. म्हटलं, वय झालं की चढतो.

शनिवारी पाचांतल्या सगळ्यात मोठ्या मुलीची आई दारात आली. बोलली गोडच. मुलगी त्याच काचेशी बसते, एखाद्या दिवशी काच फुटून तिच्या अंगावर पडायची, तेव्हा सोमवारी काच वाजली तर ती तुमच्या गाडीत बसणार नाही. तिनं मुलगी काढली की बाकीची चौघंही जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, काकांना कमी ऐकू येतं का हो? मी हसले. म्हटलं, अहो, कानसेन म्हणतात त्यांना. इतकं सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी सकाळी ह्यांनी अंगणात दार खोललं. काच खालीवर करायचं हँडल काढलं, स्क्रू काढले, आतलं पॅड उचकटलं. चार क्लिपा तुटल्या, त्यांचा दोष माझ्यावर आला, कारण मी शेजारी उभी होते. काच ज्या पट्टीत सरकते त्या पट्टीतलं रबर वाळून दगड झालं होतं. ह्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी आत बसवली. मग मला सांगितलं, दारावर बुक्की मार. मारली. खडखड होतीच. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"थांबली?"

म्हटलं, नाही. आणखी एक थर घातला, तर काच वरच जाईना. तो काढला. पुन्हा बुक्की, पुन्हा माझं 'नाही'. दुपार झाली तरी हे जेवायला उठेनात. दाराच्या पोटात हात घालून घालून मनगटाला कापलं, रक्त पुसायलाही थांबेनात. मी वाजतंय म्हटलं की असे बघायचे, जशी काही मीच आत बसून वाजवतेय. मला खूप राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं.

मग ह्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातला बारका पाना मागितला. तो शोधताना कप्प्याच्या तळाशी चार घड्या घातलेला कागद हाताला लागला. कानाच्या डॉक्टरांचा होता, पाच महिन्यांपूर्वीचा. दोन्ही कानांच्या नसा कमजोर झाल्यात, यंत्राचा फारसा उपयोग होणार नाही, वाहन चालवू नये. म्हणजे कुकरच्याही आधीचा. ह्यांना माहीत होतं. माहीत असून रोज पाच लेकरं घेऊन जात होते. आणि मलाही माहीत होतं, आणि मी रोज सकाळी दारात उभी राहून त्या लेकरांना टाटा करत होते. कुणी कुणाला बोलायचं?

मी कागद होता तसा ठेवला आणि पाना घेऊन बाहेर आले.

हे दारापाशी गुडघ्यावर बसले होते. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून झाली होती, आधी उजव्या, मग डाव्या. मी मागे आहे हे ह्यांना कळलंच नाही. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. टोक दाराच्या पत्र्यावर तसंच ठेवलं, मूठ दातांत घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं दार हलवलं. डोळे मिटलेले. पुन्हा हलवलं. टोक बोटभर खाली सरकवलं, पुन्हा हलवलं. दातांत येणाऱ्या थरथरीतून ऐकत होता माझा नवरा.

पण सापडलं. काचेच्या पट्टीखालचा एक बोल्ट सैल होता, तिथं आमच्यापैकी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. बोल्ट आवळला, ट्यूबचा एकच थर ठेवला, काच वर केली. मी बुक्की मारली. काही नाही. जोरात मारली. काही नाही. हे विचारत होते, "खरं सांग, शप्पथ?" आणि चार महिन्यांत पहिल्यांदा चांगलं काही सांगायला मला खोटं बोलावं लागलं नाही.

चहा घेऊन आम्ही गाडी बाहेर काढली, रस्त्यावर तपासायला. मी मागे बसले, त्या मुलीच्या जागेवर, काचेला कान लावून. गतिरोधक आला, खड्डे आले, काच गप्प. हे आरशातून मला बघून हसत होते. मी अंगठा दाखवला. म्हटलं, जाऊ दे, निदान उद्याचा दिवस तरी निघेल. देवाशप्पथ, कागद वाचून तास झाला नव्हता आणि मी असा विचार करत होते.

चौकाच्या अलीकडे हे वळायला लागले. ह्यांचं तीस वर्षांचं गणित असं, आधी ऐकायचं, मग आरशात बघायचं. काही ऐकू आलं नाही म्हणजे मागे कुणी नाही. मागून पाण्याचा टँकर हॉर्न दाबत येत होता. दाबून धरला होता त्यानं, दुकानातले लोक वळून बघायला लागले होते. मी ओरडले. हे वळवतच होते. मग मी मागून ह्यांची कॉलर धरून जीव खाऊन ओढली, तेव्हा ब्रेक लागला. टँकर माझ्या काचेपासून वीतभर अंतरावरून गेला. दरवाजा थरथरला. काच वाजली नाही.

टँकरवाला पुढे थांबला, उतरून आला, ह्यांच्या खिडकीशी हात नाचवत नको ते बोलला आणि निघून गेला. हे स्टीअरिंग धरून बसले होते. मी उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"काय म्हणाला गं तो?"

चार महिने ह्या एका प्रश्नाला मी काही ना काही दुसरंच सांगत आले होते. मी ह्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. "बहिरा आहेस का, म्हणाला."

ह्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढली नाही. "मग तू काय सांगितलंस?"

"मी हो म्हटलं."

ह्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, बंद केली, उतरून मागच्या दाराची काच हँडल फिरवून एकदा पूर्ण खाली आणि एकदा पूर्ण वर करून बघितली. दारं लावली. किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या, जिला सायकलसुद्धा येत नाही.

आम्ही घरी चालत निघालो. लग्नापासून रस्त्याच्या बाजूनं नेहमी हे चालायचे आणि मी आतून. दोन पावलं गेल्यावर मी ह्यांचा हात धरला, ह्यांना आत घेतलं आणि गाड्यांच्या बाजूला मी झाले. ह्यांनी हात सोडला नाही.