हातमोज्यांकडे लक्ष ठेवा

डेस्मंड पास्कोच्या घरी टीव्ही नव्हता. अ‍ॅडलेडच्या आमच्या चॅनेलवर चौदा वर्षं दर रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवणारा हा माणूस म्हणायचा, "सिनेमा काय डबड्यात बघायची गोष्ट आहे, नोरीन?"

"त्याच डबड्यावर आपलं पोट चाललंय, विसरू नकोस."

"तू गपचूप पावडर लाव." आणि डोळे मिटून घ्यायचा.

मी त्याची मेकअपवाली. तो मूळचा शाळामास्तर. मूकपटांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, मग विद्यापीठात शिकवू लागला. पण जीव सगळा गुरुवारच्या आमच्या चित्रीकरणात. सिनेमाआधी प्रेक्षकांना तो एकच बारीक गोष्ट बघायला सांगे. नायिकेचे हातमोजे, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. शेवटी ठरलेलं वाक्य: "कुठेही कात्री लावलेली नाही. माझा शब्द आहे."

कात्री लागायचीच. जाहिराती काय डोक्यावर बसवणार? संकलक मर्व्ह वीस-वीस मिनिटं उडवायचा, कधी हातमोज्यांसकट. वरून दम होता: डेस्मंडला कळलं तर तो कार्यक्रम सोडेल आणि आपण सगळे घरी बसू. प्रेक्षकांच्या तक्रारी त्याच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून मीच उघडायचे, उत्तरंही मीच लिहायचे. 'आपला अँटेना तपासून पाहावा.' खाली त्याच्या सहीचा शिक्का.

मग तो पोर्ट पिरी गावच्या वाचनालयात व्याख्यानाला गेला. पुढच्या गुरुवारी खुर्चीत बसला, पण डोळे मिटेना.

"तिथे मिसेस ट्रेलोर म्हणून एक म्हातारी भेटली. म्हणाली, 'तुमचं पत्र आलं म्हणून नवा टीव्ही घेतला, तरी हातमोजे दिसले नाहीत.' हे बघ पत्र. अक्षर तुझं आहे."

"डेस्मंड, मर्व्हनेच सगळं..."

"मर्व्हचं सोड. त्याच्यासमोर मी कधी डोळे मिटून बसलो नाही."

मी लाजेने मान खाली घालून पावडरची डबी उघडली, ती त्याने माझ्या हातातून घेतली. त्याने स्वतःच पावडर लावली. कॅमेऱ्यासमोर तीन मिनिटं सगळं खरं सांगून टाकलं, माफी मागितली आणि निघून गेला.

रविवारी मी टीव्ही लावला. ती तीन मिनिटं नव्हतीच. मर्व्हने जुन्या भागातला तुकडा जोडला होता. डेस्मंड हसून सांगत होता, "कुठेही कात्री लावलेली नाही. माझा शब्द आहे."

बुधवारी मिसेस ट्रेलोरचं पत्र आलं. 'वाचनालयात मला रविवारी टीव्हीवर खरं सांगतो म्हणाला होतात, मिस्टर पास्को. मी शेजारणींनाही बोलावलं होतं.'

या वेळी मी शिक्का मारला नाही. पत्र घेऊन त्याच्या दारात गेले, दोनदा घंटी वाजवली. आतून त्याचा आवाज आला, "नोरीन, उत्तर तूच लिही. सवय आहे तुला."